सहा गाठी आणि एक निळी ट्रंक

१ जानेवारी २०१२, रविवार

टपाल नाक्यावरच्या औषधवाल्याने जुनं गिऱ्हाईक म्हणून ही डायरी भेट दिली. वर्षभर नेमाने गोळ्या खाल्ल्याचं बक्षीस. प्रत्येक पानाच्या तळाशी आरोग्याचा काहीतरी उपदेश छापलाय, पण शाई इतकी फिकी की वाचता येत नाही. हल्ली छपाईत कोणाला रस राहिलेला नाही.

पहिल्या पानावर स्वतःची ओळख लिहायची पद्धत आहे. एझरा वाक्रूळकर, वय एकाहत्तर, निवृत्त सुतारकाम शिक्षक. शाळेत माझी सुतारशाळा मराठीच्या वर्गाला लागून होती, मधे फक्त पत्र्याची भिंत. तीस वर्षं पलीकडून कविता येत राहिल्या आणि इकडे मी पाट बनवत राहिलो. परिणाम असा की मला धड कविता करता येत नाही आणि पाटही थोडे तालात डुगडुगतात.

निवृत्तीनंतर उरण नाक्याजवळ हा गाळा घेतला, खलीलच्या भागीत. खलील कुवेतहून परतलेला, पॉलिश आणि वेताच्या खुर्च्या विणण्यात पटाईत. जुनं फर्निचर दुरुस्त करतो आम्ही. मी लाकूड बघतो, तो बाकी सगळं बघतो. शुक्रवारी दुपारी तो नमाजाला जातो. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत आम्हा बेने इस्रायल ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, तेव्हा शनिवारी गाळा एकट्या त्याचा. (शब्बाथला लिहायचंही नसतं, म्हणून या डायरीतली शनिवारची पानं तारे निघेपर्यंत कोरीच राहतील.)

माझ्या भिंतीबद्दल लिहायलाच हवं. पांढऱ्या प्लायवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली, प्रत्येक हत्याराला स्वतःचा खिळा. सदतीस हत्यारं. सहा मुख्य, बाकीची एकतीस त्यांच्या आसपास, नातेवाइकांसारखी. सहांचा क्रम मुलांना पाठ व्हावा म्हणून मी शाळेत एक कविता रचली होती:

करवत आधी, रंधा मागे,
पटाशी मग कडेस लागे;
गिरमिट फिरे, गुण्या न ढळे,
हातोडी शेवटी, काम कळे!

शेवटी काय कळतं ते मला आजवर कळलेलं नाही. पण यमक जुळलं होतं आणि मुख्याध्यापक बरं म्हणाले होते.

शुक्रवारी सूर्यास्ताआधी प्रत्येक हत्यार आपल्या रेषेत परतलंच पाहिजे, ही माझ्या बाबांची शिस्त. ते म्हणायचे, आपण विश्रांती घ्यायची तर हत्यारांनी का नाही? खलीलची शिस्त म्हणजे एक निळी लोखंडी ट्रंक. सगळं तिच्यात. हवं तेव्हा झाकण उघडायचं, हात घालायचा. म्हणतो, "मास्तर, तुमची भिंत तुमच्यापेक्षा शिकलेली. माझी ट्रंक अंगठाबहाद्दर. पण हाक मारली की ओ देते."

८ जानेवारी, रविवार

गाळा उघडला तर टर्पेंटाइनचा वास. खलील म्हणाला, शनिवारी पॉलिश केलं. कसलं ते दिसलं नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवतो. भिंतीवरच्या माझ्या रेषा अकरा वर्षांच्या झाल्या, पण दिवसेंदिवस ठळक होताहेत. आज तर लांबूनही उठून दिसत होत्या. जुना तेलरंग! आणि, स्वतःच लिहितो म्हणून खोटं कशाला, रंगवणारा हातही काही साधासुधा नव्हता. खलीलला म्हटलं, "बघ, याला म्हणतात काम." तो खोकला आणि बाहेर गेला. गाळा घेतला तेव्हा एवढा खोकला नव्हता त्याला.

९ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी वडाळे तळ्याकाठी बसलो. पौर्णिमा. आणि आकाशात एकाला लागून एक असे दोन चंद्र! डोळे चोळले, तरी दोनच. तळ्याभोवतीच्या दिव्यांना इंद्रधनुष्याची कडी. सगळ्या कवींना एका चंद्रावर भागवावं लागलं. मला दोन मिळाले. चार ओळी सुचल्या, घरी येईपर्यंत दोन उरल्या, त्याही लिहिण्यासारख्या नाहीत.

रूबीला सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात माझं काव्य तिने कधी एवढं लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं. "दोन्ही डोळ्यांनी दोन, की एका डोळ्यानेही दोन?" म्हणाली. प्रतिभेची अशी चौकशी कोणी करतं का?

१५ जानेवारी, रविवार

आता हद्द झाली. काल शनिवारी खलीलने माझ्या हत्यारांच्या मुठींना सुतळी गुंडाळून ठेवली! करवत, रंधा, सगळ्या सहांना. वर गाठीही मारल्यात. त्याही धड नाहीत. करवतीला एक, रंध्याला दोन, हातोडीला तर तब्बल सहा. वेत विणणाऱ्या माणसाला गाठी मोजता येऊ नयेत?

"हे काय आहे?"

"मूठ सटकते ना हातातून, मास्तर. थंडीचे दिवस."

पनवेलला कसली आलीय थंडी! पण तिळाचा लाडू पुढे केला होता त्याने. तोंड भरलेलं असताना भांडता येत नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

मोजणीत गुण्या सापडेना. काटकोन तपासायचा गुण्या नसेल तर सुताराने उभं राहावं कशाच्या आधारावर? शेवटी कानशीच्या रेषेत लटकलेला सापडला. मी खलीलकडे नुसतं पाहिलं. तो एवढंच म्हणाला, "माझा हात नाही लागला, कसम से."

मग कोणाचा लागला? गाळ्यात आम्ही दोघंच.

घरी रूबीने शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आधी पुन्हा तोच विषय काढला. "अहो, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊ का?" मी म्हटलं, ट्यूबलाइट जुनी झालीय, व्होल्टेज कमी असतं, आणि चष्मा पुसायला तुझा पदर पूर्वीसारखा मऊ राहिला नाही. ती हसली नाही.

इथे खरं लिहितो, कारण ही डायरी रूबी वाचत नाही. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकसष्ट साली झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून कित्येक दिवस निजवून ठेवलं होतं. मग बाटलीच्या बुडासारखा चष्मा. त्यानंतर त्यांनी करवत धरली नाही. दर शुक्रवारी मला हत्यारं मोजायला लावायचे आणि स्वतः खुर्चीत बसून आकडे ऐकायचे. मला ती खुर्ची नको आहे. बस.

२२ जानेवारी, रविवार

आज भागी तुटली.

सकाळी पाहतो तर पटाशी जागेवर नाही. पटाशी म्हणजे लाकूड तासायची धारदार छिन्नी, तिची जागा रंध्यानंतर. खलीलने तिला वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं होतं, पात्याला चामड्याची टोपी घालून. नवरदेवासारखी! अकरा वर्षांचा क्रम, आख्खी कविता मोडली.

मी म्हणालो, "मी नसताना माझ्या जागा हलवायच्या नाहीत."

"मास्तर, मंगळवारी तुम्ही उघड्या पात्याला धरलं होतं. अंगठा थोडक्यात वाचला."

"मी धार बघत होतो."

"अंगठ्याने?"

"तुला शिस्त कळणार नाही. तुझं सगळं आयुष्य ट्रंकेत कोंबलेलं."

हे बोललो मी. शिक्षक होतो, तीस वर्षं मुलांना नीट बोला म्हणून सांगत होतो. वर आणखी खडू घेतला आणि जमिनीवर मधोमध रेघ मारली. इकडे माझं, तिकडे तुझं. शाळेतल्या बाकावर मुलं मारतात तशी. तीही वाकडी आली.

खलीलने रेघेकडे पाहिलं. मग रिक्षा बोलावली. "भिंत तुमची, कविता तुमची. ट्रंक माझी, मी नेतो. मात्र पटाशीची टोपी काढू नका, मास्तर. एवढं ऐका." ट्रंक उचलायला मी हात लावला नाही. ती गेल्यावर जमिनीवर गंजाचा चौकोन राहिला, तोही नेमका माझ्या बाजूला.

२४ जानेवारी, मंगळवार

शांतता. कोणी बिडी ओढत नाही, कोणी जुनी गाणी चुकीच्या चालीवर म्हणत नाही. मनासारखी मांडणी करायला मोकळा.

आधी सगळ्या सुतळ्या कापून टाकल्या. मग पटाशीची टोपी काढली, तिला तिच्या हक्काच्या जागी टांगलं. कविता पुन्हा पूर्ण झाली.

त्यानंतर एका खुर्चीचा पाय बसवायला साडेचार तास लागले. भोक पाडायचं गिरमिट म्हणून हाताला येतं ते पेचकस निघतं, कानस म्हणून घ्यावं ती पटाशी. दुसरी गोष्ट अंगठ्याने कळली. तीन टाके. रूबीने कसं झालं विचारलं. मी म्हणालो, सुतळ्यांची सवय लागली होती ना, हात बिघडले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की पट्टी तोंडाला बांधायची असावी.

२९ जानेवारी, रविवार

करंजा गावची कोळीण गंगाबाई आली. पूर्वी आमच्या आळीत मासे घेऊन यायची. आता सून येते. टेम्पोतून लाकडी पाळणा उतरवला. सागवानी, दोन खांबांमध्ये झुलणारा.

"मास्तर, यो माज्या सासूचा पालना. माजा नवराबी यातच वाढला, पोरगाबी. आता नातू झालाय. येत्या रविवारी बारसा हाय."

"नवीन का घेत नाहीस? छान छान मिळतात."

"त्या पलास्टिकच्या? त्यात पोर कसा झोपंल? येका बाजूची खुंटी झिजलीय, तेवढी बदला. आन् खलीलभाय कुटं हाय?"

"रजेवर आहे."

"त्यो आन् रजा? तुमी भांडलाव." आणि पाळण्यावर हात ठेवून म्हणाली, "भांडा तुमी, पर पोराचा वजन या खुंटीवर हाय. मजबूत करा."

मी म्हणालो, नातवाचा नातू झोपेल. अशा वेळी माझ्या तोंडून फार मोठी वाक्यं निघतात.

२ फेब्रुवारी, गुरुवार

सागाची नवी खुंटी तासली. लांब, भरीव, माझ्या मते सुरेख. माप बघण्यापुरती एक आखूड खुंटी खोक्याच्या हलक्या लाकडाचीही करून ठेवली. आधी ती घालून बघायची, मग खरी. ही माझी जुनी पद्धत, मुलांनाही शिकवलेली. उद्या सूर्यास्ताआधी पाळणा द्यायचा.

४ फेब्रुवारी, शनिवार, तारे निघाल्यावर

(तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. रूबीने तीन मोजले. मला सहा दिसले, म्हणजे माझा शब्बाथ दोनदा संपला.)

विनोद करतोय, कारण कालचं लिहायचं टाळतोय. लिहितो.

काल पाच वाजता टेम्पो आला. उजेड उतरत होता, मी घाईत. आखूड खुंटी घालून पाहिली, काढली, खरी ठोकली, पाळणा दोनदा झुलवला, पाठवला. मग भिंत मोजली. सदतीस. समाधानाने घरी आलो. मेणबत्त्या लागल्या. एप्रनची घडी करताना खिशात काहीतरी टणक लागलं.

एक खुंटी.

आखूडच असणार. खरी तर मी पाळण्यात ठोकली. पण हातात फिरवून फिरवून पाहिली, मेणबत्तीजवळ नेली, आणि मला सांगता येईना. लांबी किती, रंग कुठला, मला दिसेना. चाळीस वर्षं ज्या लाकडाचा वास घेतला ते ओळखता येईना, कारण माझ्या अंगठ्याला पट्टी आणि नाकाला भीती बसली होती.

"रूबी, ही कुठली आहे?"

तिने पाहिली. "सागाची. लांब आहे. का हो?"

मी खुर्चीत बसलो. बाबांच्याच. ती आमच्या घरात अजून आहे.

पाळण्यात खोक्याचं लाकूड होतं. रविवारी त्यावर बाळ ठेवणार होते. रूबीला सांगितलं तेव्हा तिने प्रश्न विचारला नाही, उपदेश केला नाही. मेणबत्त्यांकडे एकदा पाहिलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा शब्बाथच्या रात्री फोन उचलला. नंबर तिला पाठ होता. खलीलचा. फोनवर ती फार कमी बोलली, जणू अर्धं त्याला आधीच माहीत असावं. तिकडून तो म्हणाला, ते मलाही ऐकू आलं, "भाभी, खुंटी दारात ठेवा. फजरच्या, पहाटेच्या नमाजनंतर नेतो."

सकाळी खुंटी दारात नव्हती. दिवसभर कोणाचा फोन नाही. आता लिहितोय तर अक्षरं खालच्या उपदेशावर चढलीत.

६ फेब्रुवारी, सोमवार

गंगाबाई स्वतः आली, पानात बांधलेली पापलेटं घेऊन. कोळंबी नाही, खवल्यांचाच मासा. आमचं काय चालतं ते तिला माहीत आहे.

"बारसा झ्याक झाला. आन् मास्तर, तुमची रीत मानली! आमी नवीन वस्तू घेतो आन् लगेच वापरतो. तुमी खलीलभायला दुसऱ्या दिशी तपासाया धाडला."

"मी?"

"त्योच बोलला. मास्तरांची सवयच हाय, बोलला, काम दिल्यावर पुन्ना येकदा बघनार. खुंटी काढली, दुसरी ठोकली. मंग पालन्यात तांदळाची गोन झोपवली आन् अर्धा तास झोके दिले! माजी सून हसून हसून दमली. मंग बोलला, आता ठेवा पोराला."

ती गेल्यावर रूबीला म्हणालो, "डॉक्टरची वेळ घे."

"घेतलीय," ती म्हणाली. "उद्याची. डिसेंबरातच घेतली होती, दोनदा पुढे ढकलली."

२३ फेब्रुवारी, गुरुवार

तपासणीत मोतीबिंदू निघाला; काल उजवा डोळा झाला. वीस मिनिटं. वाळूच्या पिशव्या नाहीत. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, किती दिवस निजायचं? त्या म्हणाल्या, आजोबा, चहा घ्या आणि घरी जा. पन्नास वर्षं जपून ठेवलेली भीती अशी चहाबरोबर उतरली. थोडा अपमानच वाटला.

आज पट्टी काढली. आमच्या घराच्या भिंती निळ्या आहेत; मी पिवळसर समजत होतो. रूबीचे केस पूर्ण पांढरे झालेत. कधी झाले? मी तिला सांगितलं नाही, तरी ती म्हणाली, "बघून झालं असेल तर डोळा मिटा, थेंब घालायचेत." डायरीच्या तळाचा उपदेशही वाचता आला: 'वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या.' एक जानेवारीलाही तोच छापलाय.

संध्याकाळी खिडकीतून चंद्राची कोर पाहिली. डावा डोळा झाकला की एक. माझी कविता निम्म्यावर आली.

४ मार्च, रविवार

रूबीने तासभर गाळ्यात बसायची परवानगी दिली. भुशाला हात लावायचा नाही या अटीवर.

दार उघडलं आणि भिंत पाहिली.

माझ्या रेषा कुठेच नव्हत्या. होत्या, पण अगदी जवळ गेल्यावर, केसाएवढ्या, करड्या, जागोजागी पुसलेल्या. त्यांच्यावरून बोटभर जाडीच्या भडक पिवळ्या रेषा, रिक्षाच्या टपाला देतात तो रंग. वेड्यावाकड्या. करवतीचा एक दात बाहेर ओघळलेला. हातोडी भोपळ्यासारखी. आणि मी म्हणालो होतो, याला म्हणतात काम!

सदतीस रेषा. एकेका शनिवारी थोड्या थोड्या.

भुशाच्या डब्यात मी कापलेल्या सुतळ्या तशाच होत्या. बाहेर काढल्या, मांडल्या. करवतीची एक गाठ, रंध्याच्या दोन. पटाशीच्या तीन. गिरमिटाच्या चार, गुण्याच्या पाच, हातोडीच्या सहा. मी तिथेच भुशात बसलो. (रूबीला सांगणार नाही.) माझ्या कवितेचा क्रम. अकरा वर्षं ज्या कवितेवर तो हसला, जिचा अर्थ मलाही लागला नाही, ती त्याला तोंडपाठ होती. डोळे गेले तरी मला बोटांनी वाचता यावी म्हणून त्याने ती मुठींवर लिहून ठेवली होती, आणि मी ती कात्रीने कापली.

गोंदाच्या डब्यामागे पिवळ्या रंगाची बाटली सापडली, तळाशी थोडा उरलेला. मी फोन लावला.

"खलील, तुझ्या ट्रंकेचं माप काय?"

पलीकडे ट्रंक सरकवल्याचा आवाज आला. मग, "लांबी तीस इंच. रुंदी अठरा. का?"

"काही नाही. जमिनीवर रेषा मारायचीय."

 मग तो खोकला. हा खोकला मला आता ओळखता येतो.

६ मार्च, मंगळवार

ट्रंक आली. खडूची रेघ पुसून मी पिवळा चौकोन रंगवला होता, तीस बाय अठरा, चारही कोपरे गुण्याने तपासलेले. नव्या डोळ्याचं पहिलं काम. खलीलने चौकोन पाहिला, मान डोलावली, आणि ट्रंक त्याच्यापासून बरोबर वीतभर अलीकडे ठेवली. मुद्दाम.

"मास्तर, रेषा जरा सरळ नाही आली."

मी म्हणालो, "गाठी फार व्यवस्थित मारतोस रे तू." तो म्हणाला, "कुठल्या गाठी?" आणि झाकण उघडून ट्रंकेत डोकं घातलं, ते चांगलं पाच मिनिटं बाहेर काढलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून सुतळ्या पुन्हा गुंडाळल्या. डावा डोळा एप्रिलमध्ये आहे, तोवर असू देत. मग पुढेही असू देत. पटाशी टोपी घालून वरच्या कोपऱ्यात गेली. कविता एका ओळीने मोडली. तशीही ती ओळ कमकुवत होती.

९ मार्च, शुक्रवार, सूर्यास्ताआधी

सदतीस. सगळी आपापल्या जागी.

दुपारी खलील जुम्म्याला गेला तेवढ्यात मी ट्रंक पायाने ढकलत ढकलत चौकोनात बसवली. कंबर धरली, पण बसवली. तो परत आला, दारातच थांबला.

"मास्तर," म्हणाला, "मी नसताना माझ्या जागा हलवायच्या नाहीत."

११ मार्च, रविवार

ट्रंक पुन्हा वीतभर बाहेर. टर्पेंटाइनचा वास नाही.

आता हे ठरूनच गेलंय असं दिसतं. शुक्रवारी मी ती आत ढकलणार, शनिवारी तो बाहेर काढणार. मी मोजणीत तिला धरायला लागलोय. अडतीस.